चित्र काढणारा खलिफा

माझी भाची यंदा इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसतेय. परवा वही घेऊन आली आणि म्हणाली, "मामू, समुद्र काढला तर चालतो, माणूस काढला तर गुनाह होतो, असं का?" नात्यातल्या एका बुजुर्गांनी तिला तसं सांगितलं होतं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. बाजार, बसस्टँड, लग्नाची वरात असे विषय येतात. माणसांशिवाय बाजार कसा काढायचा? पोरगी परीक्षाच सोडायच्या विचारात होती.

मी मुफ्ती नाही, फतवा देण्याचा मला अधिकार नाही. म्हणून मी तिला एका माणसाची गोष्ट सांगितली.

या माणसाचं नाव अब्दुलमजीद. जन्म 1868, उस्मानी सुलतान अब्दुलअझीझ यांचा मुलगा. नोव्हेंबर 1922 मध्ये तुर्कस्तानच्या संसदेने त्यांना खलिफा निवडलं आणि 3 मार्च 1924 रोजी खिलाफतच रद्द केली. इस्लामी जगातले हे शेवटचे उस्मानी खलिफा. ज्या खिलाफतीसाठी आपल्या आजे-पणज्यांनी सभा घेतल्या, चंदे गोळा केले, ज्या चळवळीचं नाव भायखळ्याचं खिलाफत हाऊस आजही मिरवतं, त्या खिलाफतीच्या गादीवर बसलेला हा अखेरचा माणूस. आणि हा माणूस तैलचित्रकार होता. हौशी नव्हे, चांगला कसलेला. 1909 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानी चित्रकारांच्या संघटनेचा तो आश्रयदाता होता.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं चित्र 1915 चं, 'हरममध्ये बेथोव्हन'. दिवाणखान्यात वादकांची मैफल बसलीय. व्हायोलिन आहे, पियानो आहे, चेलो आहे. कोपऱ्यात बेथोव्हनचा अर्धपुतळा आहे आणि स्वतः चित्रकार बाजूला बसून ऐकतोय. दुसऱ्या एका चित्रात दिवाणावर रेललेली स्त्री जर्मन कवी गटेचं पुस्तक वाचतेय. 'हरम' म्हटलं की युरोपियन चित्रकारांना अर्धनग्न बायका आणि हुक्का दिसायचा. त्याच हरममध्ये राहणाऱ्या माणसाने तिथे वाचणाऱ्या आणि वाजवणाऱ्या बायका दाखवल्या. ही चित्रं 1918 मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात मांडली गेली. याहून नेमकं उत्तर मला तरी माहीत नाही.

ज्यांच्याबद्दल आदर होता, त्या कवी-कलावंतांना त्यांनी वारंवार रंगवलं. कवी अब्दुलहक हामिद यांचं व्यक्तिचित्र त्यांनी केलं. आणि समुद्र? बॉस्फरसच्या काठावर वाढलेल्या माणसाच्या चित्रात पाणी येणारच. पण त्यातलं 'धुकं' हे चित्र वेगळं आहे. तेवफिक फिक्रेत या कवीने सुलतान अब्दुलहमीद यांच्या सेन्सॉरशाहीच्या काळात याच नावाची कविता लिहिली. धुक्यात बुडालेल्या इस्तंबूलवर त्यात कडाडून टीका होती. ही कविता लोक चोरून वाचत. अब्दुलमजीद हे त्याच सुलतानाचे चुलतभाऊ. त्यांनी या कवितेवर चित्र रंगवलं. बॉस्फरसवरचं फिक्रेतचं घर आता संग्रहालय आहे, हे चित्र तिथेच आहे.

खलिफाने चित्रं काढली म्हणजे चित्र काढणं हलाल ठरलं, असं मी म्हणणार नाही. धर्माचा मसला कुणा एकाच्या वागण्यावरून सुटत नाही. तसवीरीबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, सावधगिरी बाळगणाऱ्यांचा मी आदर करतो. पण मतभेद दोन्ही बाजूंनी आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी, ज्ञान जपण्याचं साधन म्हणून चित्राची बाजू घेतली होती. मूर्तिपूजेची भीती नसेल तिथे चित्राला हरकत का, असा त्यांचा प्रश्न होता. माझी तक्रार मतभेदाबद्दल नाहीच. जिथे मतभेद आहे तिथे तो लपवून चौदा वर्षांच्या मुलीला फक्त भीती सांगितली जाते, याबद्दल आहे.

दुसरी तक्रार बाहेरच्यांकडे. मुसलमान आणि कला यांचं जन्माचं वैर आहे, असं सहज बोललं जातं. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनचं नाव सांगितलं की उत्तर मिळतं, तो अपवाद. मग खलिफालाही अपवाद म्हणायचं का? अपवादांची यादी कुठवर लांबवायची?

या गोष्टीचा शेवट आपल्या महाराष्ट्रात येऊन अडतो. देशोधडीला लागलेले अब्दुलमजीद फ्रान्समध्ये राहिले. हैदराबादच्या निजामाने त्यांना तनखा दिला. 1931 मध्ये त्यांची मुलगी दुर्रुशेहवार निजामाच्या थोरल्या मुलाला, आझम जाह यांना दिली. निकाह नीस शहरात झाला. तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता. निजामाने खुलताबादजवळ त्यांच्यासाठी मकबरा बांधून ठेवला. ऑगस्ट 1944 मध्ये पॅरिसमध्ये ते वारले. तुर्कस्तानने दफनाला परवानगी दिली नाही. मय्यत दहा वर्षं पॅरिसच्या मशिदीत राहिली आणि 1954 मध्ये मदिन्यात, जन्नतुल बकीमध्ये दफन झाली. खुलताबादचा मकबरा रिकामाच राहिला.

खुलताबादला आपण जियारतीला जातो, उरूसाला जातो. हा मकबरा कुणासाठी बांधला होता, हे मुलांना कुणी सांगत नाही. चित्रकाराबद्दल तर नाहीच.

भाचीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांनी त्यांच्या मुलीचंपण चित्र काढलं होतं?" काढलं होतं, मी म्हणालो. ती वही घेऊन आत गेली. काय काढायचं ते तिने ठरवावं. मी एवढंच सांगितलं की परीक्षेचा फॉर्म भरून टाक, तारीख निघून जाईल.