आधी लोड, मग बॅटरी, शेवटी इन्व्हर्टर

घरगुती इन्व्हर्टरकडे कामे दोनच असतात. वीज असताना बॅटरी भरत ठेवायची आणि लाइट गेली की त्या बॅटरीतल्या १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करून घरातले पंखे-दिवे चालवायचे. साठा सगळा बॅटरीत असतो आणि तो किती लागणार हे घरातली उपकरणे ठरवतात. खरेदी मात्र बहुतेक घरांत दुसऱ्याच टोकाने सुरू होते. ‘साडेआठशेचा घ्यायचा की अकराशेचा?’ हा पहिला प्रश्न असतो, दुकानदार सांगेल ती बॅटरी त्याला जोडली जाते, आणि इन्व्हर्टरवर काय काय टाकायचे हे वायरमन घरी आल्यावर ठरते. या क्रमाने पैसे जास्त जातात आणि तरीही ऐन गरजेच्या वेळी पंखा बंद पडतो.

सगळ्यात आधी आपल्या भागात लाइट कशी जाते ते पाहावे. महाराष्ट्रात इन्व्हर्टर घरोघरी शिरला तो मुख्यतः २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत. तेव्हा वीज जाण्याच्या वेळा ठरलेल्या असत आणि बॅटरी त्या तासांच्या हिशेबाने घेतली जाई. आता तसा एकच हिशेब सगळ्यांना लागू होत नाही. देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद राहते ती पूर्वसूचना देऊन, काही तासांपुरती. विदर्भात मे महिन्यात कूलरचा भार ट्रान्सफॉर्मरला पेलवत नाही आणि लाइट दिवसातून अनेकदा, थोडा थोडा वेळ जाते. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर झाड तारेवर पडले की रात्र रात्र जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ धडकले तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या अनेक गावांत वीज यायला कित्येक दिवस लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने सिंधुदुर्ग-रत्नागिरीची तीच गत केली. याउलट मुंबईकराला इन्व्हर्टरची आठवणही क्वचित होते. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी अख्ख्या शहराची वीज गेली, लोकलही थांबल्या, आणि म्हणूनच तो दिवस लक्षात राहिला.

महिन्यातून दोनदा तासभर लाइट जाणारे घर आणि रोज तीन तास जाणारे घर यांना एकच संच सुचवणारा दुकानदार ग्राहकाचे हित पाहत नाही. आणि चार दिवसांचा अंधार कोणतीही परवडणारी बॅटरी भागवू शकत नाही. तिथे हिशेब पंख्यांचा नसून एक-दोन दिवे, मोबाइल आणि रेडिओ चालू ठेवण्याचा असतो.

गरज मोजण्यासाठी वीजबिलातले ‘युनिट’ हेच माप सर्वांत सोयीचे. हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट खर्च होते. दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या घरात लाइट गेल्यावर दोन साधे पंखे प्रत्येकी ७५ वॉटचे, चार एलईडी बल्ब मिळून ३६ वॉट, एक एलईडी ट्यूब २० वॉट, वाय-फायचा राउटर १२ वॉट, लहान टीव्ही ५० वॉट आणि मोबाइलचे चार्जर २० वॉट धरले तर बेरीज २८८ वॉट होते. तीन तासांत खर्च ०.८६ युनिट. पण बारा व्होल्टचे २३० करताना इन्व्हर्टर सुमारे पाचवा हिस्सा उष्णतेत गमावतो, म्हणून बॅटरीतून प्रत्यक्षात १.०८ युनिट उपसले जाते. हा आकडा हातात असेल तरच पुढची बोलणी करण्यात अर्थ आहे.

आता याच घरातले दोन साधे पंखे काढून बीएलडीसी पंखे लावले तर काय होते? असा पंखा पूर्ण वेगाला ३० वॉटच्या आसपास घेतो. एकूण लोड २८८ वरून १९८ वॉटवर येतो आणि तीन तासांत बॅटरीतून १.०८ ऐवजी ०.७४ युनिटच जाते. बॅटरीवरचा जवळजवळ तिसरा हिस्सा भार दोन पंख्यांनी उतरवला. मोठी बॅटरी काही वर्षांनी पुन्हा विकत घ्यावी लागते. पंखा मात्र लाइट असतानाही रोज वीज वाचवत राहतो. इन्व्हर्टरसाठी बाजूला काढलेल्या पैशांतला पहिला हप्ता पंख्यांवर खर्च करावा, हा सल्ला दुकानात सहसा मिळत नाही. खरे तर तो सगळ्यात आधी मिळायला हवा.

बॅटरीवर आकडा छापलेला असतो तो अँपिअर-अवरचा. १५० अँपिअर-अवर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॉट-अवर, अर्थात १.८ युनिट. हे झाले कागदावर. शिसे-आम्लाच्या बॅटरीची ही क्षमता बहुधा ‘सी-२०’ या मापाने दिलेली असते, म्हणजे बॅटरी वीस तासांत सावकाश, साडेसात अँपिअरने रिकामी केली तर एवढी वीज मिळते. वरच्या उदाहरणातले घर तिच्यातून तीस अँपिअर ओढते. प्रवाह जितका मोठा तितकी बॅटरी कमी वीज देते. त्यामुळे १.८ युनिटांतले सुमारे १.४ हाती लागते. दर वेळी तेवढीही पूर्ण उपसली तर बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून रोजच्या वापरात निम्म्याच्या आसपास थांबणे शहाणपणाचे. बॅटरी विकताना ती सामान्य घरगुती लोडवर किती युनिट देते हे ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती असती, तर ग्राहकाचा निम्मा गोंधळ तिथेच मिटला असता.

शिशाच्या बॅटऱ्यांत घरासाठी ट्यूब्युलर घ्यावी. तिच्या धन प्लेटेतला शिशाचा मालमसाला बारीक नळ्यांच्या आवरणात धरून ठेवलेला असतो, त्यामुळे वारंवार उपसा होऊनही तो झडत नाही. फ्लॅट प्लेटची बॅटरी स्वस्त मिळते पण लवकर थकते. गाडीची जुनी बॅटरी इन्व्हर्टरला जोडण्याचा उद्योग तर करूच नये. तिच्या पातळ प्लेटा इंजिन सुरू करण्यापुरता काही सेकंद मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेल्या असतात, तासन् तास उपसा त्यांना सोसत नाही.

उष्णता हा शिशाच्या बॅटरीचा मोठा शत्रू. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य जवळपास अर्धे होते, असा ढोबळ नियम आहे. नागपूर-चंद्रपुरात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या गॅलरीत ठेवलेली बॅटरी वॉरंटीच्या कागदावरची वर्षे काढेल अशी अपेक्षा धरता येत नाही. उष्णतेने पाणीही भराभर आटते. त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे, नळाचे किंवा आरओचेही पाणी चालत नाही, कारण त्यातले क्षार प्लेटा बिघडवतात. आणि पाणी घालायचे ते खुणेपर्यंतच.

लिथियमचा पर्याय आता घरगुती बाजारात स्थिरावला आहे. घरासाठी वापरतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी, मोबाइलमधल्या लिथियम बॅटरीपेक्षा स्वभावाने बरीच शांत. १२.८ व्होल्टच्या १०० अँपिअर-अवर बॅटरीत १.२८ युनिट मावते आणि त्यातले नव्वद टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरता येते, म्हणजे सुमारे १.१५ युनिट. शिशाच्या १५० च्या बॅटरीतून जपून वापरता येणाऱ्या ०.९ युनिटापेक्षा हे जास्तच भरते. छापलेला आकडा लहान आणि साठा मोठा, म्हणून या दोन जातींची तुलना अँपिअर-अवरवर करूच नये. शिवाय तिला पाणी लागत नाही, वजन पन्नास-साठ किलोऐवजी बारा-पंधरा किलो असते आणि ती भरतेही लवकर. मात्र तिच्यासाठी लिथियमची सोय असलेलाच इन्व्हर्टर हवा, आणि पेशींवर लक्ष ठेवणारी बीएमएस यंत्रणा दर्जेदार हवी. जुन्या सेल जोडून कोपऱ्यावर बनवलेले स्वस्त पॅक घरात आणू नयेत. रोज दोन-तीन तास लाइट जाणाऱ्या घरात लिथियमची जादा किंमत वसूल होते. महिन्यातून दोनदा जाणाऱ्या घरात ट्यूब्युलर पुरेशी आहे.

आता इन्व्हर्टर. त्यावरचा आकडा व्हीए असतो, वॉट नव्हे. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर साधारण ७०० वॉटच्या आसपास लोड उचलतो. तीनशे वॉटच्या घराला तो भरपूर झाला. साइन वेव्हचाच घ्यावा. स्क्वेअर वेव्हवर पंखे घरघरतात, मोटारी तापतात आणि वाचलेले थोडे पैसे अशा रीतीने परत जातात. मिक्सर, गिझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी, पाण्याची मोटार यांना इन्व्हर्टरवर टाकूच नये. अर्ध्या अश्वशक्तीची मोटारसुद्धा सुरू होताना चालू लोडच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. फ्रिजचेही तेच. पण दार बंद ठेवले तर फ्रिज सुमारे चार तास गारवा धरून ठेवतो, त्यामुळे थोड्या वेळासाठी लाइट जाणाऱ्या घरात त्याला इन्व्हर्टरची गरज नाही.

बहुतेक इन्व्हर्टरांना एक छोटी कळ असते, तिच्याकडे क्वचितच कोणी पाहते. यूपीएस मोडमध्ये बदल इतका झटपट होतो की संगणक बंद पडत नाही, पण व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेले की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. खेड्यापाड्यांत संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले की व्होल्टेज तेवढे खाली येतेच. मग वीज असूनही बॅटरी उपसली जाते, आणि रात्री खरोखर लाइट जाते तेव्हा ती रिकामी सापडते. अशा गावांत कळ साध्या मोडवर ठेवावी आणि संगणकाची वेगळी सोय करावी.

चार्जिंगचा वेगही विचारून घ्यावा. १५० ची शिशाची बॅटरी १५ अँपिअरने भरायला दहा-बारा तास लागतात. लाइट पुन्हा पुन्हा जात असेल तर ती कधीच पूर्ण भरत नाही, प्लेटांवर लेड सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि दीड-दोन वर्षांत ‘बॅटरी खराब निघाली’ अशी तक्रार होते. दोष अनेकदा बॅटरीचा नसतो. तिला भरायला वेळच मिळालेला नसतो. चोवीस व्होल्टच्या संचात दोन बॅटऱ्या लागतात. त्या एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. जुनीच्या जोडीला नवी लावली की जुनी नवीलाही ओढत नेते.

शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. म्हणून बंद कपाट, पलंगाखालची जागा किंवा देवघराचा कोपरा यांतले काहीच चालणार नाही. वारा खेळता हवा. बॅटरी ते इन्व्हर्टर या तारा जाड आणि आखूड असाव्यात, कारण सातशे वॉटच्या लोडला त्यांतून सत्तर अँपिअरहून अधिक प्रवाह जातो. इन्व्हर्टरवरच्या पॉइंटचे न्यूट्रल वेगळे ओढावेत. ते इतरांत मिसळले की आरसीसीबी विनाकारण पडत राहतो, आणि वायरमन मग तोच काढून टाकण्याचा मार्ग सुचवतो. तो कधीही मान्य करू नये. शॉकपासून वाचवणारे घरातले ते एकमेव यंत्र आहे.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे जनरेटर किंवा सुटा इन्व्हर्टर दोन्ही बाजूंना पिना असलेल्या वायरने भिंतीतल्या सॉकेटमध्ये उलटा जोडणे. मेन स्विच चालू राहिला तर ही वीज घराबाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून ११ हजार व्होल्टच्या लाइनपर्यंत पोहोचते आणि खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर घराच्या वायरिंगला जोडूच नये. तो चालवायचाही उघड्यावर. बंद गॅलरीत त्याचा कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय मारतो.

लाइनमनच्या याच सुरक्षेसाठी छतावरचे सोलर वीज गेल्यावर आपोआप बंद पडते, आणि याची कल्पना अनेक घरांना पॅनेल बसल्यानंतरच येते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. ते पॅनेलच्या क्षमतेवर मिळते, बॅटरीवर नाही. महावितरणच्या जाळ्याशी जोडलेली साधी यंत्रणा बिल कमी करते, पण रणरणत्या दुपारी लाइट गेली तरी पंखा फिरवत नाही. त्यासाठी हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि ती सोय पॅनेल बसवतानाच करून घेतलेली स्वस्त पडते. कोकणात वादळानंतरच्या दिवसांसाठी इन्व्हर्टरच्याच बॅटरीला चार्ज कंट्रोलरमार्फत जोडलेले एखादे पॅनेल फार उपयोगी पडते. ढगाळ हवेत ते थोडेच देते, पण दिवे आणि मोबाइल तेवढ्यावर निभावतात.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेले माणूस असेल तर हा सगळा हिशेब बदलतो. पाच लिटरचे यंत्र ३५० वॉटच्या आसपास घेते आणि अखंड चालते. तीन तासांना बॅटरीतून १.३ युनिट एकट्या त्यालाच लागते. त्याचा संच स्वतंत्र असावा, त्यावर पंखा-टीव्ही काही नसावे, आणि भरलेला सिलिंडर हाताशी असावाच.

जुनी शिशाची बॅटरी नवीच्या बदल्यात विक्रेत्याकडेच द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. भंगारवाल्याकडे दोनशे रुपये जास्त मिळाले तरी ती त्याला देऊ नये. तिथे ती उघड्यावर फोडली जाते, आम्ल गटारात जाते आणि शिसे वितळवताना निघणारा धूर आसपासच्या मुलांच्या रक्तात उतरतो.