ओठ आधी, ओवी मागून

माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांच्या चमूने जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. हळद दळतानाच्या अशाच ओव्या बीड जिल्ह्यातल्या घरगुती लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींतही सापडतात. त्या संगणकावर उतरवताना मात्र चित्र आणि ध्वनी यांची फारकत होते. पॅल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी. झिजलेल्या फितीवरून १५ गळाल्या, की त्यापुढे ओठ ०.६ सेकंद आधी हलतात. मग सरसकट सगळा ध्वनीच आवळून चित्राच्या लांबीत बसवला जातो. हे मला अमान्य आहे. ओवीतला श्वास, विराम, लय बदलली म्हणजे संहिताच बदलली. (पोथीतली त्रुटित ओळ भरून काढायला आपण उरलेल्या ओळी ताणत नाही!) चौकट जिथे गळाली तिथेच आधीची पुन्हा घालावी. चित्र क्षणभर थबकेल, थबकू द्यावे.