चिपाड आमचें, वाफ कोणाची?

गळिताचा हंगाम आला कीं कऱ्हाड, वाळवा, पलूस या बाजूच्या रस्त्यांवर उंसाच्या वाहनांची रांग लागते. वजन किती भरलें, उतारा किती पडला, पहिली उचल किती मिळणार, या तीन प्रश्नांपलीकडे आमचा शेतकरी सहसा जात नाहीं. परंतु त्याच उंसांतून साखरेबरोबर आणखी एक माल कारखान्याच्या दारांत जातो व त्याची चौकशी कोणी करीत नाहीं. तो माल म्हणजे उष्णता.

हें बोलणें कोणास चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडें गणित मांडतों. एक टन ऊंस पिळला म्हणजे सुमारें २८० किलो चोथा उरतो. कारखान्यांत त्याला बगॅस म्हणतात. त्यांत निम्में पाणी असतें. तरीही तो जाळून जेवढी उष्णता निघते, तेवढीसाठीं आपल्या देशांतला वीजघराचा कोळसा सव्वाशे किलोच्या आसपास जाळावा लागेल. एकरीं चाळीस टन ऊंस काढणारा शेतकरी म्हणजे एका पिकांत पांच टन कोळसा रानांत पिकवितो!

गुऱ्हाळवाल्यास हें सांगावें लागत नाहीं. त्याचें चुलाण पहिल्यापासून चिपाडावरच चालतें. टनभर उंसाचा सहाशे-साडेसहाशे किलो रस निघतो, त्यांतून क्विंटलभर गूळ उतरतो आणि बाकीचें पांच क्विंटलांवर पाणी वाफ होऊन जातें. वाळलेल्या चिपाडांत एवढें पाणी आटविण्यास हवी त्याच्या दुपटीहून अधिक उष्णता असते. तरीही कित्येक गुऱ्हाळांवर जळण अपुरें पडतें. मग लांकूड, आणि कांहीं ठिकाणीं तर गाड्यांचे जुने टायर आंत जातात. त्या धुरांत दिवसभर उभे राहणारे आपलेच लोक असतात. दोष उंसाचा नाहीं, चुलाणाचा आहे. हवेला नीट वाट नसली आणि जाळ काहिलीखालून थेट धुराड्यांत धांवला, म्हणजे निम्म्याहून अधिक धग आभाळाला जाते. खालीं लोखंडी जाळी, धुराड्याला कमीजास्त करतां येणारी झडप आणि बाहेर जाणाऱ्या धगीवर कच्च्या रसाची दुसरी काहील, एवढ्यानें चिपाड उलट शिल्लक राहतें. ही विद्या चुलाण बांधणाऱ्या जाणत्या कारागिराच्या हातांत आहे. त्याच्या मजुरींत घासाघीस करणारा मालक आपलेंच जळण जाळतो.

हळदीचेंही तसेंच. सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, पण ती शिजविण्याची मेहनत पेठेंत दिसत नाहीं. उघड्या काहिलींत पाण्यासकट कंद उकळावयाचे म्हणजे आधीं त्या सगळ्या पाण्याला तापविणें आलें. आतां गांवोगांव वाफेचे बॉयलर भाड्यानें फिरतात. त्यांत जळण थोडें, वेळ थोडा आणि कंद सारखे शिजतात. पुढचे दहा-पंधरा दिवस वाळवण सूर्य फुकट करतो. या बॉयलरांत उंसाचें पाचटही जळतें. तें रानांत काडी लावून जाळण्यापेक्षां हें बरें, आणि रानांतच कुजविलें तर त्याहून बरें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. ऊंस कारखान्याकडे वळला, तशी त्यांतली उष्णता आमच्या नजरेआड झाली. जुन्या कारखान्यांना बगॅस म्हणजे एक अडगळ वाटे. ती कशीबशी संपावी अशाच बेताचे बॉयलर असत. पुढें जास्त दाबाचे बॉयलर आले. आतां तीच वाफ आधीं टर्बाइन फिरविते आणि मग रस आटविते. शंभर टन उंसामागें जेथें पन्नास टन वाफ लागे, तेथें सुधारलेल्या कारखान्यांत चाळीस टनांत भागतें. वांचलेल्या वाफेची वीज होते आणि ती विकली जाते. हें चांगलेंच झालें, देशाचा कोळसा वांचला. पण त्या विजेंतला आमचा वांटा कोठें आहे?

कायदा याबाबत अगदींच मुका नाहीं. १९६६ च्या ऊंस नियंत्रण हुकुमांत, दर ठरवितांना मळी, बगॅस व प्रेसमड यांचें उत्पन्न किंवा त्यांची अंदाजी किंमत विचारांत घ्यावी असें पुढें घातलेलें कलम आहे. २०१२ सालीं रंगराजन समितीनें साखर व या उपपदार्थांच्या उत्पन्नाचे ७० टक्के, अथवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचे ७५ टक्के, ऊंसवाल्यास द्यावे असें सुचविलें. २०१३ सालीं आपल्या राज्यानें ऊंसदराचा कायदाही केला. परंतु सगळी गोम त्या 'अंदाजी किंमत' या दोन शब्दांत आहे. जो कारखाना बगॅस बाजारांत न विकतां आपल्याच बॉयलरांत जाळतो, तो तिची किंमत वहींत काय धरतो? ती कमी धरली तर बगॅसवाला म्हणून शेतकऱ्याच्या पदरांत कमी पडतें आणि वीजवाला म्हणून कारखान्याचा नफा वाढतो. २०२५-२६ च्या हंगामास केंद्र सरकारनें १०.२५ टक्के उताऱ्यास टनामागें ३,५५० रुपये दर ठरविला. उतारा वाढला कीं दर वाढतो, हें सर्वांस ठाऊक आहे. वाफ वांचली कीं काय वाढतें, हें कोणास ठाऊक नाहीं.

कारखाना सहकारी असेल तर तो नफा आपल्याच घरांत राहिला, असें कोणी म्हणेल. वीजघराचें कर्ज फेडावयाचें असतें हेंही आम्हांस कबूल आहे. पण घरांत राहिला तर तो घरच्या माणसास दिसावा. आणि खाजगी कारखान्यास ऊंस घालणाऱ्यास तर तेवढेंही समाधान नाहीं.

जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हां कागद वाचतां न येणारा कुणबी नाडला जात होता. आज ज्या घरांतला ऊंस कारखान्यास जातो, त्या घरांत शिकलेलीं पोरें आहेत. वार्षिक सभेच्या आधीं अहवाल हातांत येतो, तो त्यांनीं चुलीच्या उजेडांत नव्हे, दिव्याखालीं बसून वाचावा. सभेंत उभें राहून एवढें विचारावें: हंगामांत बगॅस किती टन झाली, टनामागें किंमत काय धरली, शंभर टन उंसामागें वाफ किती लागली, आणि वीज किती युनिट, कोणत्या दरानें विकली. ज्यांस उत्तरें मिळतील त्यांनीं तीं आमच्याकडे पाठवावीं. मिळालेले आंकडे आणि मिळालेला नकार, दोन्ही आम्ही याच जागीं छापूं.