वातावरण चांगलं आहे म्हणे!

घर बदलायचं म्हटलं की मराठी माणूस तीन गोष्टी विचारतो. पाणी किती वेळ येतं, स्टेशन किती लांब आणि वातावरण कसं आहे. पहिल्या दोन प्रश्नांची खरीखुरी उत्तरं मिळतात. तिसऱ्याचं उत्तर मात्र ठरलेलं, "वातावरण एकदम चांगलं आहे हो!" गेले चार महिने हा शब्द मी इतक्या वेळा ऐकलाय की आता टीव्हीवर हवामान खात्याची बातमी लागली तरी दचकायला होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दहा वर्षं बंगलोरात काढून आम्ही मुंबईला परत येतोय. माझं ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात, नवरा बराचसा घरून काम करणार, लेक सहावीत जाणार आणि सासूबाई सोबत. आधी भाड्याने राहायचं, जमलंच तर पुढे विकतचं बघू. एवढंच आहे. पण ही बातमी घरच्या ग्रुपवर पडली मात्र, आणि सल्ल्यांचा जो पाऊस सुरू झाला तो थांबायचं नाव घेईना. आत्या पार्ल्याची, काका डोंबिवलीचे, मामेभाऊ मुलुंडला, चुलत बहीण ठाण्यात. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की मुलगी वाढत्या वयाची आहे, 'आपल्या' संस्कारांना धरून असलेली वस्ती बघ, बाकी चार पैसे इकडेतिकडे.

तर नातेवाईक मंडळी, (तुम्ही हे वाचता हे मला पक्कं माहीत आहे, नुसतं बोलून दाखवत नाही,) आज जरा सविस्तर भांडायचं आहे.

वातावरण म्हणजे काय, हे मी प्रत्येकाला खोदून खोदून विचारलं. आधी गोलगोल उत्तरं आली. "म्हणजे शांतता गं", "सगळे शिकलेले", "उगाच कोणी कुणाच्या अध्यातमध्यात नाही". आणखी खोदलं तर "सगळी आपल्यासारखीच माणसं". आणखी एक फावडं मारलं तर शेवटी खडक लागला: कोण काय खातं, कोणाचं आडनाव काय, कोण भाडेकरू आणि कोण मालक. म्हणजे ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. तुम्हाला शेजाऱ्याची जात आणि त्याच्या स्वयंपाकघरातला वास हवा असेल तर तसं सरळ म्हणा ना! त्याला संस्कार कशाला म्हणता?

मामेभावाला हे फार लागलं. त्याला आठवण करून दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्याच मुलुंडात एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली गेली, का तर म्हणे त्या सोसायटीत मराठी माणसाला जागा देत नाहीत. तो व्हिडिओ आपल्या ग्रुपवर किमान सहा जणांनी टाकला होता. आपण सगळे किती पेटलो होतो! आणि ते योग्यच होतं. स्वतःच्या राज्यात, स्वतःच्या शहरात हे ऐकून घ्यायचं म्हणजे काय. पण मग तोच प्रकार आपण करतो तेव्हा तो 'वातावरण जपणं' कसा होतो, हे कोणी मला समजावून सांगेल का?

आता खरं कारण सांगते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. माझ्यासोबत बंगलोरहून आणखी एकाची बदली झाली आहे. आमचं टेबल शेजारी, पगार साधारण सारखा, आणि घरासाठी ठरवलेलं भाडंही तेच. माझ्या लेकीचा तो मामा. सख्खा नाही, पण तिच्या आजारपणात रात्री अकरा वाजता औषध घेऊन येणारा मामा. मूळचा चिपळूणचा, कोकणी मुसलमान. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलतो, आणि माझे ऱ्हस्व-दीर्घ तोच सुधारतो (या ब्लॉगवरचेसुद्धा!). आम्ही दोघांनी एकाच एजंटला एकाच दिवशी फोन केले. मला अकरा घरांची यादी आली. त्यानेही आधी अकराच घरं ऐकली. मग एजंटने नाव विचारलं, आणि यादी दोन घरांची झाली. त्यातलंही एक नंतर "मालकाच्या भाच्याला दिलं".

मी त्या एजंटला विचारलं. बिचारा तसा वाईट माणूस नाही. म्हणाला, "मॅडम, मला काय, माझं कमिशन सारखंच. सोसायटीची कमिटी ऐकत नाही. आणि तुमच्यासाठी तर चांगलंच आहे ना, वातावरण चांगलं राहतं."

ते वाक्य ऐकलं आणि माझा निर्णय झाला. ज्या इमारतीत त्याला घर मिळत नाही तिथे आम्हीही घर घेणार नाही. याने तीन घरं हातची गेली. त्यातलं एक खरंच सुरेख होतं. पूर्वेची गॅलरी, खाली बकुळीचं झाड. नवरा दोन दिवस धड बोलला नाही. पण मुलीवर चांगले संस्कार व्हावेत म्हणून तिला अशा ठिकाणी ठेवायचं, जिथे तिच्या मामाला बिऱ्हाड करता येत नाही? तिने विचारलं तर काय सांगू? की संस्कारांमुळेच तो इथे राहू शकत नाही?

काकांचं म्हणणं, "अगं, हे आजचं नाही. वस्त्या अशाच वसल्या." काका, ते अगदी खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने दादर-माटुंग्याला मोकळ्या हवेतल्या वसाहती आखल्या, त्यात पारशी कॉलनी झाली, हिंदू कॉलनी झाली. १९१५ साली गावदेवीत सारस्वतांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, मुंबईतल्या अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी ती एक. कारवार-मंगळूरकडून पोटासाठी आलेली माणसं, डोक्यावर छप्पर नाही, बँक दारात उभी करणार नाही. ओळखीच्यांनी एकमेकांना धरून घरं बांधली. त्यात मला काही खुपत नाही. अडलेल्या माणसाने आपल्या माणसाचा हात धरला. पण आज जो माणूस पार्किंगच्या दोन जागा अडवून बसलाय, तो काय अडलेला आहे? त्याला हात धरायचा नाहीये, दार लावायचं आहे.

आणि हो, कायद्याचं म्हणाल तर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत, सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवणारा तिचा उपनियम वैध ठरवला. संघटना स्थापन करण्याचं स्वातंत्र्य वगैरे. ठीक आहे. कायदा चालवून घेतो म्हणून एखादी गोष्ट माझ्या घराचं मूल्य होत नाही. दारू प्यायलाही परवाना मिळतो, म्हणून आत्या घरात बाटली ठेवते का? (ठेवत नाही. फराळाच्या डब्यांमागे मी बघितलंय.)

आता आत्याच्या पार्ल्याविषयी. आत्या, तुझं पार्लं मला मनापासून आवडतं हे तुला ठाऊक आहे. पण तिथलं वातावरण काही आंब्याच्या झाडासारखं आपोआप उगवलेलं नाही. १९२१ मध्ये कोणीतरी टिळक विद्यालय सुरू केलं. १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ सुरू केला. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय तर १८९३ चं. त्या लोकांनी वर्गणी काढली, सभा घेतल्या, सतरंज्या अंथरल्या आणि कार्यक्रम संपल्यावर त्या झटकून घड्या घातल्या. तेही तेव्हा नव्यानेच राहायला आलेले उपनगरी लोक होते! त्यांना कोणी तयार वातावरण दिलं नव्हतं. आपल्याला मात्र ते किल्ल्यांसोबत हातात हवं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. मी बहिणीला विचारलं, तू ग्रंथसंग्रहालयाची सभासद आहेस का? नाही. शेवटची कधी गेली होतीस? "शाळेत असताना." पण ठाण्याचं वातावरण वाचनाचं आहे म्हणे.

डोंबिवलीबद्दल जरा जपून बोलायला हवं, कारण माझं बालपण तिथलं आहे आणि काकांना रक्तदाब आहे. फडके रोडवरची दिवाळीची पहाट मला आजही हवीहवीशी वाटते. पण काका, वातावरण हा शब्द जरा त्याच्या मूळ अर्थाने घेऊ. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरव्या रंगाचा पाऊस पडला. २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये तिथल्या रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, माणसं मेली, लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्या. हे वातावरण नाही का? याच्याबद्दल आपण "काय करणार, चालायचंच" म्हणतो, आणि तिसऱ्या मजल्यावर कोण राहायला आलं याची मात्र चौकशी करतो.

दुसरं म्हणजे वेळ. डोंबिवली ते सीएसएमटी अठ्ठेचाळीस किलोमीटर. मला कुर्ल्याला उतरून पुढे बस किंवा रिक्षा. जायला दीड तास, यायला दीड तास, तेही गाडीत शिरता आलं तर. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारी माणसं लोकलमधून खाली पडली आणि त्यातली काही गेली. ती सगळी चांगल्या वातावरणात घर असलेली, कामाला निघालेली माणसं होती. लहानपणी माझे बाबा सकाळी सातच्या आधी निघत आणि रात्री नऊला येत. त्यांनी आम्हाला संस्कार दिले, पण रविवारी. सोमवार ते शनिवार ते आम्हाला झोपलेलं बघत. त्यांना पर्याय नव्हता. माझ्याकडे थोडासा आहे, आणि तो मी आडनावांवर खर्च करणार नाही.

"मग तू बघतेस तरी काय?" असं बहिणीने चिडून विचारलं. बघते. संध्याकाळी सातला वस्तीत जाऊन उभी राहते. म्हाताऱ्या माणसाला चालता येईल असा फुटपाथ आहे का, की तिथे गाड्या लावल्यात. मैदान आहे का, आणि त्यात फक्त मुलगेच खेळतात की मुलीही. पालिकेची शाळा चालू आहे की तिचं गोदाम झालंय, कारण आपली मुलं तिथे जात नसली तरी शेजारी तिच्याकडे कसे बघतात त्यावरून बरंच कळतं. क्लासवरून नऊला एकटी येणारी मुलगी रमतगमत चालते की पर्स छातीशी धरून. आणि इमारतीत शिरल्यावर दोन गोष्टी आधी: वॉचमनला बसायला खुर्ची आणि जायला संडास आहे का, आणि 'नोकरांनी ही लिफ्ट वापरू नये' अशी पाटी आहे का. ही पाटी मला पार्ल्यातही दिसली आणि मुलुंडातही. ज्या बाईच्या हातची पोळी चालते तिच्यासोबत पाच मजले वर जायला चालत नाही! मुलं ती पाटी रोज दोनदा वाचतात. मूल्यशिक्षणाच्या पुस्तकाला त्यापुढे कोण विचारतो.

सध्या आमची गाडी चेंबूरला येऊन थांबली आहे. फाळणीनंतर आलेले सिंधी-पंजाबी, तामिळ, मराठी, कोण नाही तिथे? सगळी प्रेमाने गळ्यात गळे घालून राहतात असा माझा अजिबात भ्रम नाही, नळावर भांडतही असतील. हवेच्या बाबतीतही मी नाकाने कांदे सोलू शकत नाही, माहुलच्या रिफायनऱ्या शेजारीच आहेत. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, म्हणून खाडीकडचा भाग टाळून स्टेशनच्या अलीकडे बघतोय. कुर्ला मध्ये टिळकनगर सोडलं की लगेच, म्हणजे सातच्या आत घरात. शाळेची चौकशी चालू आहे. एक मराठी माध्यमाची शाळा बरी वाटली, नवऱ्याचं अजून ठरत नाही. तो वाद वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी.

दोन इमारतींनी आम्हा दोघांनाही होकार दिला आहे. एकीच्या सेक्रेटरी बाईंनी मामाला एकच प्रश्न विचारला, की गाडी आहे का, कारण पार्किंग नाही. दुसरीत घर मोठं आहे, पण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. सासूबाईंचे गुडघे बघता अवघड आहे, तरी त्या म्हणतात चढून बघते. शनिवारी सगळे मिळून जातोय. आत्या, तू येणार असलीस तर कुर्ल्याला अकरा वाजता भेट.