साहेबांनी शीव ओलांडावी

शीव म्हणजे हद्द. मुंबईची बेटे जिथे संपत आणि साष्टी सुरू होई, त्या वेशीला हे नाव पडले. आज या वेशीवर दोन दारे आहेत. एक आहे केंद्रीय श्रम संस्थेचे. कारखान्यातला माणूस कशाने जखमी होतो, कशाने आजारी पडतो आणि ते कसे टाळता येते, याचा अभ्यास इथे चालतो. 4 मार्च 1966 रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा कारभारही अनेक वर्षे याच इमारतीतून चालला. 1972 पासून देशभर 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळला जातो, तो या स्थापनेची आठवण म्हणून. दुसरे दार लोकमान्य टिळक रुग्णालयाचे. सगळी मुंबई त्याला सायन हॉस्पिटल म्हणते. रुळांवरून, रस्त्यांवरून, परांचीवरून, धारावीच्या गाळ्यांतून जखमी झालेली माणसे तिथे आणली जातात.

अपघात कसा टाळावा हे सांगणारे दार आणि अपघात झाल्यावर उघडणारे दार एकाच शिवेत आहेत. पहिल्या दारामागचे ज्ञान काही काल-परवाचे नाही. तरीही दुसऱ्या दाराशी रुग्णवाहिका थांबायची राहत नाही. मधे काहीतरी तुटले आहे. माझ्या मते तुटलेला दुवा हा की ज्याच्या हातात पैसा, वेळ आणि माणसे आहेत, तो वरिष्ठ अधिकारी जिथे काम चालते तिथे जातच नाही. गेला तर पाहुणा म्हणून जातो. म्हणून माझा आग्रह आहे की कंपनीच्या संचालकाने, सरव्यवस्थापकाने, खात्याच्या मुख्य अभियंत्याने नियमितपणे, लवाजमा न घेता, कामाच्या जागी जावे, कामगाराशी बोलावे आणि ऐकलेल्या गोष्टीची जबाबदारी स्वतः घ्यावी.

या म्हणण्यावर चार आक्षेप घेतले जातात. ते हलके नाहीत. एकेक घेऊ.

पहिला आक्षेप असा की हा सगळा देखावा असतो. साहेब येणार म्हटले की आदल्या रात्री जमीन धुतली जाते, पिवळे पट्टे नव्याने रंगवले जातात, एरवी कुलपात असलेली नवी हेल्मेटे बाहेर निघतात. साहेब गेले की हेल्मेटे पुन्हा कुलपात. हे मी स्वतः पाहिले आहे आणि वाचकांतल्या निम्म्यांनी तरी पाहिले असेल. आक्षेपकांच्या हाती याहून मोठा पुरावाही आहे. 20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या मंचावर बीपी आणि ट्रान्सओशन या कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी भेटीला आले होते. कामाचा दिवस बुडेल असा एकही अपघात सात वर्षांत झाला नाही, याचे कौतुक करणे हाही भेटीचा एक उद्देश होता. पाहुण्यांनी घसरण्या-पडण्याच्या धोक्यांवर चर्चा केली, पट्टे आणि दोर यांबद्दल विचारले. त्याच दिवशी विहिरीतल्या दाबाची चाचणी चालू होती आणि तिचे आकडे जुळत नव्हते. पाहुणे ती चाचणी चालू असलेल्या खोलीत जाऊन आले. काहीतरी गोंधळ चालला आहे, हेही त्यांच्यातल्या एकाच्या लक्षात आले. पण ‘चाचणी काय सांगते आहे?’ हा प्रश्न कोणी लावून धरला नाही. रात्री स्फोट झाला आणि अकरा माणसे गेली.

भेटी निरर्थक असतात असा निष्कर्ष यातून काढणारे आहेत. मी उलटा निष्कर्ष काढतो. ते अधिकारी योग्य वेळी योग्य जागी उभे होते. त्यांचा प्रश्न चुकला. ऑस्ट्रेलियाचे समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉपकिन्स यांनी या भेटीचा बारकाईने अभ्यास केला आहे. पाहुण्यांनी डोळ्यांना दिसणारे छोटे धोके पाहिले, मोठ्या धोक्याची चौकशी केली नाही आणि चालू कामात आपण ढवळाढवळ कशाला करायची, या संकोचाने ते पुढे सरकले, असे त्यांनी दाखवून दिले. सात वर्षांच्या निर्दोष आकड्याने सगळ्यांची नजर बांधून ठेवली होती. आपल्याकडेही कित्येक कारखान्यांच्या फाटकावर ‘अपघातविरहित दिवस’ मोजणारा फलक असतो. त्या आकड्यासमोर उभे राहून साहेबांनी शाबासकी दिली की बोट चेचलेला कामगार गुपचूप पट्टी बांधून कामाला लागतो, कारण तो आकडा शून्यावर आणण्याचे पाप त्याला आपल्या माथी नको असते. देखाव्यावरचा उपाय भेट बंद करणे हा नव्हे. तिच्यातला हार, छायाचित्रकार आणि पूर्वसूचना बंद करावी आणि प्रश्न बदलावा.

दुसरा आक्षेप व्यवस्थापनाकडून येतो. सुरक्षा अधिकारी नेमला आहे, सरकारी निरीक्षक येतो, कायदा आहे. मग मोठ्या साहेबांनी तिथे जाऊन काय करायचे? याचे उत्तर कायद्यातच आहे. कारखाने अधिनियम 1948 मध्ये भोपाळच्या वायुगळतीनंतर, 1987 साली, मोठी दुरुस्ती झाली. तिने ठरवले की कंपनीच्या बाबतीत कारखान्याचा ‘भोगवटादार’ म्हणजे तिचा एक संचालकच. हाताखालच्या अधिकाऱ्याचे नाव पुढे करून सुटका नाही. 1996 साली जे. के. इंडस्ट्रीज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली आणि 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती टिकून आहे. कायद्याने ज्याच्या शिरावर जबाबदारी ठेवली, त्याने ती जागा डोळ्यांनी पाहिलेली नसावी, हे कोणत्या न्यायात बसते?

आणि सुरक्षा अधिकाऱ्याच्या हातात असते तरी काय? तो यंत्राला जाळी नाही हे लिहून देतो. जाळीचे पैसे मंजूर करणारा दुसराच असतो. दोन माणसांचे काम एक जण करतो आहे हे त्याला दिसते. भरती थांबवण्याचा निर्णय वरच्या मजल्यावर झालेला असतो. सर्वांत कमी दराची निविदा कोणी स्वीकारली? तारखेच्या आत काम संपवण्याचा शब्द कोणी दिला? धोका दिसतो कामाच्या जागी, पण बहुधा जन्मतो तो कचेरीत. भोपाळच्या कारखान्यात विषारी रसायनाची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा 1984 च्या मध्यापासून बंद होती. ती बंद ठेवण्याचा निर्णय त्या टाकीशेजारी पाळी करणाऱ्या माणसाचा नव्हता. त्याआधी मे 1982 मध्ये अमेरिकेहून मूळ कंपनीचे सुरक्षा पथक येऊन गेले होते आणि कारखान्यातल्या गंभीर उणिवांची नोंद असलेला अहवाल त्याने दिला होता. तरी 2 डिसेंबर 1984 ची रात्र टळली नाही. तज्ज्ञ येतो, पाहतो, लिहितो. निर्णय घेणाऱ्याने तो धोका स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला नसेल, तर अहवाल फायलीत राहतो.

तिसरा आक्षेप कामगार चळवळीतल्या माझ्या मित्रांचा आहे आणि तो मला सर्वांत जवळचा. ते म्हणतात, हे मायबापपण आहे. साहेबाने पाठीवर हात ठेवायचा, कामगाराने विरघळायचे आणि युनियनने बघत बसायचे. हक्क मागून मिळतात, साहेबांच्या फेरीतून मिळत नाहीत.

हक्क मागूनच मिळतात, हे शंभर टक्के खरे. 1884 च्या सप्टेंबरमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी 1890 साली मिळाली, ती कोणा मालकाच्या फेरीमुळे नव्हे. पण गिरणगावाचाच इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. गिरण्या परळ-लालबागला आणि त्यांच्या मॅनेजिंग एजंटांच्या कचेऱ्या फोर्टात. मधे उभा जॉबर. कामावर घेणारा तो, काढणारा तो, कामगाराचे म्हणणे वर नेणारा किंवा दाबणारा तोच. कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात या जॉबरशाहीवर कठोर टीका केली आणि मधला हा अडसर दूर करण्यासाठी कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. वरचा माणूस आणि खालचा माणूस एकमेकांना भेटत नाहीत, तेव्हा मधल्याची सत्ता वाढते आणि तिची किंमत खालचा मोजतो. आज जॉबर गेला, कंत्राटदार आला.

गिरणीतलाच आणखी एक धडा. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की बिसिनोसिस होतो. कापूस मोकळा करणाऱ्या ब्लोरूममध्ये आणि तो पिंजणाऱ्या कार्डिंग खात्यात धूळ सर्वांत जास्त. या रोगाची खूण अशी की रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर आले की छाती आवळते, दम लागतो आणि आठवडा सरताना सुरुवातीला तरी ते कमी होत जाते. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मुंबईच्या गिरणी कामगारांमध्ये या रोगाचा अभ्यास केला. आता विचार करा, शुक्रवारी फेरी मारणाऱ्या साहेबाला हा रोग कसा दिसणार? त्याला खोकणारी माणसेही कमी दिसतील. सोमवारी सकाळी येऊन ‘छाती कशी आहे?’ असे विचारणाऱ्यालाच तो सापडेल. कोणत्या दिवशी जायचे, कोणत्या खात्यात उभे राहायचे, हे साहेबाला कोण सांगणार? कामगारांचा प्रतिनिधी. म्हणून भेट युनियनला वगळून व्हायला नको. सुरक्षा समितीत कामगारांचा समान वाटा असावा, ही तरतूद 1987 पासून कायद्यात आहे. त्या समितीतला कामगार सदस्य साहेबांच्या शेजारून चालावा. मग ते मायबापपण राहत नाही. मागणी मांडणारा आणि मंजूर करणारा एकाच यंत्रासमोर उभे राहतात.

चौथा आक्षेप व्यवहारी आहे. वेळ कुठे आहे? आणि साहेब थेट खाली बोलू लागले, तर मुकादमाला कोण विचारील? वेळेबद्दल एवढेच सांगतो की अपघातानंतर पोलीस ठाणे, चौकशी, न्यायालय आणि मृताचे घर यांसाठी वेळ काढावाच लागतो. तोच थोडासा आधी काढावा. मुकादमाची शंका मात्र रास्त आहे. त्यासाठी नियम हवा की साहेबांनी जागेवर हुकूम सोडू नयेत आणि कोणालाही चारचौघांत खडसावू नये. जीव जाण्याजोगा धोका दिसला तर तेवढे काम तिथल्या तिथे थांबवावे. बाकीचे मुकादमाशी बोलून ठरवावे. मुकादमही दोन्हीकडून दाबलेला माणूस आहे. उत्पादनाचा आकडा आणि सुरक्षा यांत आज काय निवडायचे, हे त्याला रोज एकट्याला ठरवावे लागते. ते ओझे साहेबांनी वाटून घेतले, तर त्याचा अधिकार वाढेल.

आता भेट कशी असावी, ते सांगतो.

साहेबांनी एकट्याने यावे, सोबत फक्त समितीतला कामगार असावा. फाटकातून आत पाऊल ठेवताना बूट, हेल्मेट, चष्मा कामगाराच्या आधी साहेबांच्या अंगावर असावा. यात एकदा कसूर झाली की पुढचे शब्द फुकट. वेळ निवडावी ती अडचणीची: तिसरी पाळी, सोमवार, पावसाचे पहिले दिवस, देखभालीसाठी यंत्रे उघडलेली असतात तो आठवडा. आणि आधी जावे ते कंत्राटी कामगारांकडे, टाकी साफ करणाऱ्याकडे, परांचीवर चढणाऱ्याकडे. हजेरीपटावर ते आपले नसतील, पण काम आपलेच करतात.

‘सगळे ठीक आहे ना?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘हो साहेब’ असेच येते. विचारावे: हे काम करताना कुठे अडते? घाई झाली की आधी काय गाळावे लागते? थोडक्यात वाचलो असे शेवटचे कधी वाटले? मग गप्प राहावे. समोरचा माणूस पहिल्या भेटीत बोलणार नाही. त्याने असे पाहुणे पाहिलेले असतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तो एखादी लहान गोष्ट सांगून पाहील: पायरीचा दिवा गेला आहे, हातमोजे बोटांत बसत नाहीत. ती परीक्षा असते. तो दिवा आठवड्यात लागला, तर पुढच्या वेळी तो मोठी गोष्ट सांगेल. दिवा लागला नाही, तर कधीच सांगणार नाही.

म्हणून प्रत्येक भेटीतून निदान एक काम साहेबांनी स्वतःच्या नावावर घ्यावे आणि ठरलेल्या दिवशी त्याच माणसाकडे जाऊन उत्तर द्यावे. जमणार नसेल, तर कारणासह ‘नाही’ सांगावे. तोही मान आहे. ज्याने धोका दाखवला, त्याची बदली होणार नाही किंवा पाळी बदलली जाणार नाही, याची हमी लेखी असावी. आणि भेटींची संख्या मोजू नये. ती मोजू लागलो की भेटी कागदावर होऊ लागतात. सांगितलेल्यांपैकी किती गोष्टी दुरुस्त झाल्या आणि किती दिवसांत, हे मोजावे. सुरुवातीला थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदी वाढतील. त्याने घाबरून जाऊ नये. माणसे बोलू लागली आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

यातले काहीही कायद्याला, निरीक्षकाला किंवा युनियनला पर्याय नाही. ते तिन्ही हवेतच. पण पैसा आणि मुदत ज्याच्या सहीने ठरते, त्याला आपल्या सहीचा परिणाम माणसाच्या अंगावर कसा उमटतो हे दाखवणारी दुसरी सोय मला माहीत नाही.

येत्या 4 मार्चलाही बिल्ले लागतील, शपथ होईल. त्याला माझा विरोध नाही. पण शपथ घेणाऱ्या प्रत्येक वरिष्ठाला माझी विनंती आहे की त्याच आठवड्यात एका रात्री तिसऱ्या पाळीला खाली उतरा. कचेरी आणि कामाची जागा यांच्यामधली शीव ओलांडा. तिथे उभ्या असलेल्या माणसाला त्याचे नाव विचारा, तो काय सांगतो ते ऐका आणि त्याचा गेलेला दिवा लावून मगच पुन्हा त्याच्यासमोर जा.