कौल नेमका कुणाचा?

‘आरक्षण हवे का? होय / नाही.’ संकेतस्थळावर सकाळी असा प्रश्न टाकायचा आणि रात्री टक्केवारीला ‘जनतेचा कौल’ म्हणायचे! इथे मतदार कुणी निवडतच नाही. ज्याच्याकडे इंटरनेट, सवड आणि राग आहे तो स्वतःहून येतो. दुसऱ्या यंत्रावरून पुन्हा येतो.

१९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ने सुमारे एक कोटी पत्रिका धाडल्या, बऱ्याचशा टेलिफोन व मोटारमालकांच्या याद्यांवरून. वीस लाखांवर परत आल्या. लँडन जिंकणार, असे भाकीत झाले. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. रूझवेल्टवर चिडलेल्यांनीच उत्तरे अधिक पाठवली होती.

२०१२ साली बाबासाहेब ‘गांधींनंतरचे महान भारतीय’ ठरले, त्या निकालात लोकांच्या मतांबरोबर परीक्षक मंडळ आणि स्वतंत्र पाहणीही धरली होती. रोजच्या ‘होय-नाही’ला असा कुठला आधार?