गाण्याआधीची गच्ची

कॉलेजच्या प्रकल्पासाठी आम्हा पाच जणांना इंडी पॉप गाण्याचा व्हिडिओ करायचा आहे. अम्मीला वाटतं, मोबाईल धरला की झालं! आम्ही मात्र आधी ओळीनुसार शॉट कागदावर मांडले, मग गच्चीवर चाचणी घेतली. हालचाल संथ दिसावी आणि ओठही गाण्याशी जुळावेत, म्हणून गाणं दुप्पट वेगानं लावून सेकंदाला ५० फ्रेम टिपल्या आणि २५ च्या वेगानं पाहिल्या. तिसऱ्यांदा जमलं. अमेरिकेतल्या 'ओके गो' बँडच्या २००६ च्या ट्रेडमिलवरच्या व्हिडिओलाही १७ प्रयत्न लागले होते.

चाचणी पाहताना एक मैत्रीण म्हणाली, "माझा चेहरा नको." आता तिचे हात आणि सावली दिसतील.

घरच्यांनो, एकच ओळ दहादा वाजली तर रागावू नका. एवढंच विचारा: जे दिसणार आहेत, त्यांची परवानगी घेतली का?